ताडगोळा, पिकलेले ताडफळ आणि ताडाचा कोंब : एकाच फळाचे तीन आहार

मार्च ते जून या काळात पालघर, वसई, डहाणू, अलिबाग या किनारपट्टीच्या भागांत आणि मुंबईतील रस्त्यांच्या कडेला ताडगोळे विकायला येतात. ग्राहक डझनावर घेतो, साल काढतो आणि गार करून खातो. ताडाच्या फळाशी आपला संबंध बहुतेक वेळा इथेच संपतो. तमिळनाडू, आंध्र प्रदेश, बंगाल, ओडिशा आणि श्रीलंकेतील जाफना भागात मात्र हेच फळ तीन वेगवेगळ्या अवस्थांत खाल्ले जाते. उन्हाळ्यात कोवळा गोळा, पावसाळ्यात पिकलेला गर आणि हिवाळ्यात बियांपासून उगवलेला कोंब.

या लेखात तिन्ही अवस्थांची ओळख, काढणी, खाण्याच्या पद्धती आणि घ्यायची काळजी दिली आहे. त्यासोबत एक शिफारस आहे : प्रत्येक मादी ताडावर दरवर्षी निदान एक घड पिकण्यासाठी राखून ठेवावा. त्याचे कारण पुढे येईल.

झाडाची ओळख

ताडाचे शास्त्रीय नाव बोरॅसस फ्लॅबेलिफर. झाड २० ते ३० मीटरपर्यंत उंच वाढते आणि शंभर वर्षांहून अधिक जगू शकते. पाने पंख्याच्या आकाराची असतात. देठाच्या दोन्ही कडांना करवतीसारखे कठीण दाते असतात.

ताडामध्ये नर आणि मादी झाडे वेगळी असतात. नर झाडावर बोटांसारखे लांबट, दंडगोल तुरे येतात. त्यांना फळ धरत नाही. मादी झाडाच्या फुलोऱ्यावर सुरुवातीपासून छोटी गोल फळे दिसतात. पहिला फुलोरा यायला साधारण १२ ते १५ वर्षे, काही ठिकाणी त्याहून जास्त काळ लागतो. तोपर्यंत झाड नर आहे की मादी, हे बाहेरून ओळखता येत नाही. फळधारणेसाठी परागीकरण आवश्यक असल्याने परिसरात नर झाडेही लागतात. ‘फळ देत नाही’ म्हणून सगळे नर ताड तोडणे चुकीचे आहे.

इतर झाडांशी गल्लत करू नका :

- शिंदी : खजुराच्या कुळातील झाड. पाने पिसासारखी, फळे लहान व लांबट.
- माड : नारळाचे झाड. पाने पिसासारखी.
- भेरली माड (सुरमाड) : पानांचे तुकडे माशाच्या शेपटीसारखे. त्याच्या फळांच्या गरात खाज आणणारे सुईसारखे स्फटिक असतात. ही फळे तोंडात घालू नयेत.

फळाची रचना

मादी झाडाला साधारण सहा ते बारा घड येतात. पूर्ण वाढलेले फळ १५ ते २० सेंटिमीटर व्यासाचे आणि एक ते दोन किलो किंवा त्याहून अधिक वजनाचे असते. बाहेरील साल गुळगुळीत, काळसर जांभळी. आत तंतुमय गर आणि त्या गरात एक ते तीन बिया, बहुधा तीन.

आपण ताडगोळा म्हणून खातो तो या बियांच्या आतील कोवळा भाग. बाहेरचा तंतुमय गर त्या वेळी कच्चा, तुरट आणि खाण्यास अयोग्य असतो. फळ झाडावर राहू दिले तर गोळा कठीण होत जातो आणि गर पिकून गोड व केशरी होतो. म्हणजे एकाच फळातून ताडगोळा आणि पिकलेला गर दोन्ही मिळत नाहीत. कोणता घड कशासाठी ठेवायचा, हे आधी ठरवावे लागते.

पहिली अवस्था : ताडगोळा (मार्च ते जून)

ओळख. योग्य वेळी काढलेला गोळा अर्धपारदर्शक, किंचित निळसर पांढरा असतो. बोटाने हलके दाबल्यास दबतो आणि आत गोडसर पाणी असते. पाणी आटून गोळा दुधाळ पांढरा व ओल्या खोबऱ्यासारखा घट्ट झाला की तो जून होऊ लागला असे समजावे. जून गोळे पचायला जड असतात आणि जास्त खाल्ल्यास पोट दुखते. असे गोळे कोवळ्यांत मिसळून विकू नका. एकदा फसलेला ग्राहक पुन्हा येत नाही.

पोषण. कोवळ्या गोळ्यात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते. १०० ग्रॅममधून साधारण ३० ते ४० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. प्रथिने व स्निग्धांश अगदी कमी. उन्हाळ्यात पाणी, थोडी साखर आणि खनिजे देणारे हलके फळ, एवढेच त्याचे वर्णन योग्य ठरेल. विक्रीच्या फलकावर ‘अमुक आजार बरा होतो’ असे लिहू नये.

खाण्याच्या पद्धती

- पिवळसर पातळ साल काढून तसाच खाणे. साल तुरट असते, पण कोवळी असल्यास काही जण सालीसह खातात.
- बारीक तुकडे करून थंड दुधात किंवा सब्जा घातलेल्या सरबतात घालणे.
- शहाळ्याच्या पाण्यात तुकडे घालून पेय करणे. वेगळी साखर लागत नाही.
- तमिळनाडूत याला नुंगू, तर आंध्रात मुंजलू म्हणतात. तिथे रस्त्याच्या कडेला फळाचा वरचा भाग कापून गोळा अंगठ्याने थेट फळातूनच काढून खातात.

मधुमेह असणाऱ्यांनी साखर किंवा सरबत न घालता, मर्यादित प्रमाणात आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने खावे.

काढणी व विक्री. एकाच झाडावरचे सगळे घड एकाच वेळी तयार होत नाहीत, म्हणून दोन-तीन वेळा चढावे लागते. घड वरून खाली टाकू नका. दोराला बांधून हळू सोडा. आपटलेल्या फळातील गोळे फुटतात, पाणी गळते आणि ते लवकर आंबतात.

फळातून काढलेला गोळा उन्हाळ्याच्या तापमानात काही तासांतच चिकट होऊ लागतो. घडासकट फळ सावलीत ठेवले तर काही दिवस टिकते. त्यामुळे लांबच्या बाजारासाठी घडच न्यावा आणि विक्रीच्या जागी फोडावा. गोळे काढून न्यायचेच असतील तर स्वच्छ झाकणाच्या डब्यात, पिण्याच्या पाण्यापासून केलेल्या बर्फासोबत न्यावेत. मासळीसाठी वापरलेला बर्फ किंवा बर्फपेटी वापरू नये.

दुसरी अवस्था : पिकलेले ताडफळ (जुलै ते सप्टेंबर)

पिकलेले फळ आपोआप गळून पडते. त्याला तीव्र गोड वास येतो. आतला गर केशरी पिवळा, तंतुमय आणि आंब्याच्या कोयीला चिकटलेल्या गरासारखा असतो. कॅरोटिन वर्गातील रंगद्रव्यांमुळे त्याला हा रंग येतो. अशा रंगद्रव्यांपैकी काहींपासून शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व तयार होते. गरात साधारण तीन-चतुर्थांश पाणी असते आणि शर्करा कोवळ्या गोळ्यापेक्षा कितीतरी जास्त असते.

आपल्या बाजारात हा गर क्वचितच दिसतो. त्याचे एक कारण म्हणजे कडवटपणा. ताडाच्या गरात सॅपोनिन वर्गातील कडू घटक असतात. त्यांचे प्रमाण झाडागणिक बदलते. म्हणून आधी प्रत्येक झाडाच्या गराची चव घेऊन पाहा आणि कमी कडू झाडावर खूण करून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच झाडाचा घड पिकण्यासाठी राखावा.

गर काढण्याची पद्धत

१. पडलेले फळ त्याच दिवशी गोळा करा. फुटलेले, किडलेले किंवा आंबूस वासाचे फळ घेऊ नका.
२. फळ धुऊन वरची टोपी व काळी साल काढा. बिया एकमेकींपासून सुट्या करा.
३. प्रत्येक बी थोडे पाणी शिंपडत जाड भोकांच्या किसणीच्या पाठीवर किंवा स्वच्छ टोपलीवर घासा. गर सुटतो, तंतू बीला राहतात.
४. गर चाळणीतून गाळून घ्या.
५. स्वच्छ कापडात बांधून चक्का टांगतो तसा काही तास टांगा. पाण्याबरोबर कडवटपणाचा काही भाग निघून जातो.
६. उरलेला गर जाड बुडाच्या पातेल्यात सतत ढवळत शिजवा.

कोणते पदार्थ होतात

बंगालमध्ये श्रावण-भाद्रपदात, विशेषतः जन्माष्टमीच्या सुमारास, या गरात पीठ, ओले खोबरे आणि गूळ किंवा साखर घालून वडे तळतात. ओडिशात पिठा करतात. थायलंडमध्ये तांदळाच्या पिठात हा गर मिसळून वाफेवर मऊ केक करतात. जाफन्यात गर चटयांवर थरावर थर देऊन उन्हात वाळवतात आणि त्याच्या वड्या वर्षभर ठेवतात.

हे पदार्थ आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. पद्धती आपल्या स्वयंपाकघरात आहेतच :

- घारगे : भोपळ्याच्या घारग्यांप्रमाणे शिजवलेल्या गरात गूळ विरघळवा, मावेल तेवढे तांदळाचे किंवा गव्हाचे पीठ घाला, वेलची घालून घारगे तळा.
- सांदण : फणसाच्या किंवा आंब्याच्या रसाऐवजी ताडाचा शिजवलेला गर, तांदळाचा रवा, गूळ आणि नारळाचे दूध घालून वाफवा.
- पोळी : आंबापोळी, फणसपोळीप्रमाणे गर पातळ पसरून वाळवता येतो. मात्र फळ पावसाळ्यात पिकत असल्याने ऊन मिळत नाही. त्यासाठी सौर वाळवणी यंत्र किंवा इतर वाळवणी यंत्र लागते. ओलसर राहिलेल्या पोळीला बुरशी येते. अशी पोळी फेकून द्या.

महिला बचत गटांनी पहिल्याच वर्षी विक्रीसाठी मोठे उत्पादन घेऊ नये. एक-दोन फळांवर घरी प्रयोग करून चव, कडवटपणा आणि टिकवण तपासा. विक्री सुरू करण्यापूर्वी अन्न सुरक्षा नोंदणी करून घ्या.

तिसरी अवस्था : कोंब (डिसेंबर ते जानेवारी)

गर काढून झाल्यावर उरलेल्या बिया फेकू नका. ताडाची बी रुजताना एक जाड नळीसारखा भाग थेट जमिनीत खोल जातो आणि रोप बीपासून दूर, मातीच्या आत तयार होते. त्या रोपाचा पिष्टमय, बोटाएवढा जाड, लांबट कोंब खाल्ला जातो. तमिळमध्ये त्याला पनंकिळंगु, तेलुगूत तेगलू म्हणतात. पोंगल व संक्रांतीच्या बाजारात त्याच्या जुड्या विकायला येतात.

वाफा असा करावा

- भुसभुशीत, वाळूमिश्रित मातीचा ६० सेंटिमीटर ते १ मीटर उंच गादीवाफा करा. कोंब खाली वाढतो. खालची माती घट्ट असेल तर तो वाकडा होतो आणि काढताना तुटतो.
- ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ताज्या बिया एकमेकींना लागून मांडा आणि वर थोडी माती व पालापाचोळा पसरा.
- पाऊस थांबल्यावर ओल टिकेल इतकेच पाणी द्या. पाणी साचू देऊ नका.
- चार ते पाच महिन्यांनी, पान उलगडण्यापूर्वी, वाफा एका बाजूने फोडून कोंब काढा.

या काळात बी फोडली तर आत पांढरा, स्पंजासारखा गोडसर गोळा मिळतो. रोपासाठी साठवलेले अन्न शोषून घेणारा हा भाग असतो आणि तोही खातात. बंगालमध्ये कोजागरीच्या लक्ष्मीपूजेत त्याला स्थान आहे.

खाण्याची पद्धत. कोंब धुऊन मीठ व हळद घातलेल्या पाण्यात मऊ होईपर्यंत, साधारण पाऊण ते एक तास उकडा. बाहेरचे आवरण आणि मधली दोरीसारखी शीर काढून टाका. मिरपूड, लिंबू किंवा ओल्या खोबऱ्यासोबत खा. निखाऱ्यावर भाजूनही चांगले लागतात. यात मुख्यतः पिष्ट आणि तंतुमय घटक असल्याने पोट भरते.

महत्त्वाची सूचना : कोंब कच्चा खाऊ नये. न शिजवलेल्या कोंबाच्या पिठाचे उंदरांवर केलेल्या प्रयोगांत मज्जासंस्थेवर विषारी परिणाम दिसले आहेत. उष्णता दिल्यावर हा दोष नाहीसा होतो. म्हणून पीठ करायचे असल्यास कोंब आधी उकडा, मग काप करून वाळवा आणि दळा. असे पीठ तांदळाच्या किंवा नाचणीच्या पिठात थोडे मिसळून भाकरी, घावन करता येते.

फळ घ्यायचे की रस?

नीरा किंवा ताडी काढण्यासाठी फुलोरा बांधून छाटावा लागतो. छाटलेल्या फुलोऱ्यावर फळ धरत नाही. मादी झाडाचे सगळे फुलोरे रसासाठी वापरले, तर त्या वर्षी ताडगोळे मिळत नाहीत. सोपी विभागणी अशी : रसासाठी नर झाडे, फळासाठी मादी झाडे. मात्र परागीकरणासाठी काही नर तुरे न छाटता ठेवावेत.

पहाटे काढलेली ताजी, न आंबलेली नीरा पिता येते आणि तिच्यापासून ताडगूळ होतो. खादी व ग्रामोद्योग आयोगाने जून २०२० मध्ये डहाणू येथे नीरा व ताडगूळ निर्मितीचा प्रकल्प सुरू करून २०० कारागिरांना साहित्यसंच दिले होते. नीरा व ताडी काढण्यासाठी परवाना लागतो. काम सुरू करण्यापूर्वी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या स्थानिक कार्यालयात चौकशी करा.

एक घड का राखावा?

ताडाच्या बांधावर गेल्यावर मी शेतकऱ्याला आधी एकच प्रश्न विचारतो : झाडाखाली रोपे आहेत का? बहुतेक ठिकाणी नसतात. झाडे जुनी, उंच आणि सगळी एकाच पिढीतली असतात. कारण सरळ आहे. सगळे घड कोवळे असतानाच उतरले, तर बी तयार होत नाही. बी नाही तर रोप नाही. वरची झाडे म्हातारी होतात, काही वाऱ्यात पडतात, काही रस्ता किंवा बांधकामासाठी तोडली जातात, आणि त्यांच्या जागी काहीच येत नाही. आज तोडलेल्या मादी ताडाची भरपाई करायला १५ वर्षे लागतात. तेही आज बी लावली तर.

एक घड राखल्याने ताडगोळ्याचे उत्पन्न थोडे कमी होईल, हे खरे. पण हिशेब करून पाहा. घडात १२ फळे आणि प्रत्येकी तीन बिया धरल्या तर ३६ बिया मिळतात. गर खाण्यासाठी, निम्म्या बिया कोंबासाठी आणि निम्म्या लागवडीसाठी. लावलेल्या रोपांपैकी साधारण निम्मी मादी निघतील असे धरावे. लागवडीच्या बिया वेगळ्याच ठेवा, कारण कोंब खाण्यासाठी काढला की ते रोप संपते.

तमिळनाडूत ताड हे राज्यवृक्ष आहे. तिथे २०२१च्या कृषी अर्थसंकल्पात ७६ लाख ताडबिया वाटण्याची योजना जाहीर झाली आणि ताड तोडण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी बंधनकारक करण्याचे ठरले. आपल्याकडे शेतकऱ्याने आपल्या बांधावर बी लावण्यासाठी कोणत्याही योजनेची वाट पाहण्याची गरज नाही.

लागवड

- बी थेट कायमच्या जागी लावा. मूळ लवकर खोल जात असल्याने मोठे रोप उपटून लावल्यास सहसा जगत नाही.
- बांधावर दोन झाडांत सुमारे ३ मीटर अंतर ठेवा. विजेच्या तारांखाली, घर, गोठा किंवा पायवाटेलगत लावू नका.
- पहिली दोन-तीन वर्षे गुरे आणि वणवा यांपासून जपा. उन्हाळ्यात अधूनमधून पाणी दिल्यास रोपे चांगली जगतात.
- शेंड्यावर लक्ष ठेवा. गेंडा भुंगा शेंडा पोखरतो. ताडाला एकच शेंडा असतो, तो मेला की झाड मरते. जवळच्या शेणखताच्या खड्ड्यातील भुंग्याच्या अळ्या वेचून नष्ट करा.

सुरक्षितता

ताडावर चढणे हे कौशल्याचे आणि धोक्याचे काम आहे. ओल्या खोडावर, जोराच्या वाऱ्यात किंवा वीज कडाडत असताना चढू नये. दोर दरवर्षी तपासून बदलावा. एकट्याने चढू नये, खाली एक माणूस असावा. चढणाऱ्याचा अपघात विमा उतरवण्याची जबाबदारी बागमालकाने घ्यावी. ताडगोळ्याला मिळणाऱ्या किमतीत या माणसाच्या जोखमीचा वाटा मोठा आहे, हे मजुरी ठरवताना लक्षात ठेवा.

पिकण्यासाठी राखलेला घड वाटेच्या किंवा अंगणाच्या बाजूचा नसावा. एक-दोन किलोचे फळ २० मीटरवरून पडल्यास जीव जाऊ शकतो. जुलैपासून झाडाखालची जागा काट्यांनी किंवा दोरीने बंद करा आणि मुलांना तिथे जाऊ देऊ नका.

वर्षाचे नियोजन

- मार्च ते जून : ताडगोळ्यांची काढणी. प्रत्येक मादी झाडावर एक घड राखणे, त्या झाडावर खूण करणे.
- जुलै ते सप्टेंबर : पिकलेली फळे रोज गोळा करणे, गर काढणे, चवीची नोंद ठेवणे.
- ऑगस्ट-सप्टेंबर : निम्म्या बिया गादीवाफ्यात, निम्म्या बांधावर लावणे.
- डिसेंबर-जानेवारी : कोंब काढणे, उकडून खाणे किंवा विकणे. बांधावरील उगवण तपासून राहिलेल्या जागांची नोंद करणे.

कृषी सहायकांनी या वर्षी आपल्या गावातील मादी ताडांची मोजणी करावी आणि किती झाडांखाली रोपे आहेत याची वेगळी नोंद ठेवावी. त्या दोन आकड्यांवरूनच गावात ताडाची पुढची पिढी तयार होते आहे की नाही, हे समजेल.